मांसाचा बाजार : अफवा आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्राच्या सागरकिनाऱ्याचा विस्तार सांगताना दक्षिणेकडे रेडीचे आणि उत्तरेकडे झाईचे नाव घेण्याचा प्रघात आहे. बोर्डीची सुरूची बने मागे टाकून उत्तरेस जाणारा रस्ता ज्या मच्छीमारांच्या वस्तीत शिरतो, ती पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यातील ही झाई. तिच्यापुढे महाराष्ट्राचा अंमल संपतो आणि गुजरातच्या उंबरगाव तालुक्याची हद्द लागते. किनाऱ्याला मांगेला व इतर मच्छीमार, आत डोंगराकडे वारली, कोकणा, धोडिया आणि दुबळा यांचे पाडे, घोलवड-बोर्डीकडे चिकूच्या वाड्या, आणि या सर्वांच्या मधून जाणाऱ्या हमरस्त्याच्या नाक्यानाक्यावर, जाळीच्या पिंजऱ्यांत पांढऱ्या कोंबड्या कोंडून ठेवलेली ‘चिकन सेंटर’ नावाची दुकाने : असा हा मुलूख आहे. येथे मासळी नित्याची, कोंबडी सणाची व पाहुण्याची आणि बोकडाचे मटण त्याहून मोठ्या प्रसंगाचे, ही जी जुनी उतरंड होती ती ब्रॉयलर कोंबडीच्या प्रसाराने पार मोडून गेली. पावसाळ्यात, जेव्हा यांत्रिक नौकांना समुद्रात जाण्याची बंदी असते, तेव्हा तर किनाऱ्यावरच्या घरांतही सुक्या बोंबलाच्या जोडीला दुकानातली कोंबडी येते. जे मांस पूर्वी आपल्याच अंगणात किडे वेचून वाढत असे, ज्याचे आजारपण आणि आरोग्य घरातल्या लहान मुलालाही दिसत असे, ते आता विकत घेण्याची वस्तू झाले. आणि अन्नाचा उगम जसजसा असा दृष्टीआड झाला, तसतशी त्याच्याविषयीच्या सांगोवांगीच्या गोष्टींना जागा मिळत गेली.

या गोष्टींचे मोल केवढे असू शकते याचा दाखला याच पालघर जिल्ह्याने २०२० च्या मार्च महिन्यात दिला. चीनमधील वुहान शहराच्या मासळी व प्राणी विकणाऱ्या बाजाराचे नाव करोनाच्या साथीशी जोडले गेले होते. त्या धाग्याला कोणी कोंबडीचे चित्र जोडले, कोणी त्याखाली कुणा डॉक्टरच्या नावाचा मजकूर घातला, आणि ‘कोंबडी खाल्ल्याने करोना होतो’ हे वाक्य भ्रमणध्वनीवरून गावोगाव पोहोचले. ९ मार्च रोजी पुण्यात राज्यातील पहिले रुग्ण आढळले; त्याच दिवशी होळी होती आणि दुसऱ्या दिवशी धुळवड, म्हणजे कोंबडीला व मटणाला एरवी सर्वाधिक मागणी असण्याचा काळ. शासनाच्या पशुसंवर्धन खात्याने कोंबडीचा आणि या रोगाचा संबंध नसल्याचे परोपरीने सांगितले. परंतु गिऱ्हाईक फिरकेना आणि शेडवरचा भाव उत्पादनखर्चाच्या कितीतरी खाली गेला. त्याच सुमारास पालघर जिल्ह्यातील एका कुक्कुट व्यावसायिकाने सुमारे पावणेदोन लाख पक्षी आणि सुमारे नऊ लाख उबवणीची अंडी स्वतःच्या हाताने नष्ट केल्याची वार्ता वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाली. नुकसानीचा आकडा होता पाच कोटी ऐंशी लाख रुपये.

अंडी आणि पक्षी नष्ट करण्याऐवजी थोडे दिवस थांबता आले नसते काय, असा प्रश्न ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांना पडणे स्वाभाविक आहे. परंतु उबवणी यंत्रात ठेवलेले अंडे एकविसाव्या दिवशी फुटते, ते कोणाच्या सवडीसाठी थांबत नाही. अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू पोटात ओढून घेतलेल्या बलकाच्या आधारावर दोन-तीन दिवस काढू शकते, आणि याच निसर्गदत्त सवलतीवर एक दिवसाच्या पिल्लांची सारी वाहतूक उभी आहे. त्या मुदतीत ते पिल्लू घेणारा शेतकरी मिळाला नाही, तर त्याला खाद्य, ऊब आणि जागा देण्याचा भार उबवणी केंद्रावर पडतो, आणि दुसऱ्याच दिवशी नवी खेप फुटते. पुढे वाढलेल्या पक्ष्याचीही तीच कथा : पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास भरलेली ब्रॉयलर कोंबडी जितके दिवस विकली जात नाही तितके दिवस ती खात राहते, आणि त्या खाण्याचा मोबदला देणारा कोणीही नसतो. अफवेचा घाला अशा रीतीने साखळीच्या सगळ्यात कमकुवत कडीवर बसतो. खाणाऱ्याचे एका रविवारचे जेवण बदलते. शेड बांधण्यासाठी कर्ज काढलेल्या शेतकऱ्याचे वर्ष जाते.

अफवेकडे मी इतक्या गांभीर्याने का पाहतो, हे डहाणू तालुक्यातील वाचकाला समजावून सांगावे लागू नये. त्याच वसंतात, १६ एप्रिल २०२० रोजी, याच तालुक्यातील गडचिंचले येथे, मुले पळवणारे चोर हिंडत असल्याच्या वावड्यांनी भ्यालेल्या जमावाने तीन निरपराध माणसांचा जीव घेतला. खोटी वार्ता जिभेवर असते तोवर हलकी वाटते. ती हातात उतरली म्हणजे तिला आवर घालणारा बंदोबस्त कोणत्याही सरकारपाशी वेळेवर हजर नसतो.

आता कोंबडी आणि साथ यांचा खरोखरीचा संबंध जेथे आला ते उदाहरण पाहू. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर हेही झाईसारखेच सरहद्दीवरचे गाव. तेथील रेल्वे स्थानकाचा फलाट निम्मा महाराष्ट्रात आणि निम्मा गुजरातेत आहे. २००६ सालच्या फेब्रुवारीत तेथील कुक्कुटपालन केंद्रांत कोंबड्या पटापट मरू लागल्या, भोपाळच्या प्रयोगशाळेने १८ फेब्रुवारीस एच-५ एन-१ या विषाणूचे निदान केले, आणि भारतात बर्ड फ्लूची ती पहिली अधिकृत नोंद ठरली. नवापूरच्या परिसरात आणि पलीकडे गुजरातच्या उच्छल भागात लक्षावधी पक्षी मारून पुरण्यात आले. पुढे २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत शहापूर तालुक्यातील वेहळोली व आपल्या वसई-विरार परिसरात हाच रोग आढळला. म्हणजे हे भय निराधार नव्हे. प्रश्न एवढाच की, अपाय कोणत्या मार्गाने होतो.

हा विषाणू ७० अंश सेल्सिअस उष्णतेला टिकत नाही. आपल्याकडे कोंबडी रस्सा करून शिजवतात. हाडापर्यंत उकळलेल्या रश्शात तो जिवंत राहण्याचा संभव नाही. परंतु फ्रीजच्या किंवा बर्फाच्या थंडाव्यात तो मरत नाही, आणि आजारी पक्ष्याच्या विष्ठेत, लाळेत व रक्तात तो मुबलक असतो. हाँगकाँगमध्ये १९९७ साली जेव्हा हा रोग प्रथमच माणसांत आढळला तेव्हा १८ जणांना लागण होऊन ६ जण दगावले, आणि तपासाचा रोख ताटाकडे न वळता जिवंत कोंबड्यांच्या बाजाराकडे वळला. म्हणून धोका आहे तो आजारी कोंबडी पकडणाऱ्याला, कापणाऱ्याला, पिसे उपटणाऱ्याला, आणि तिच्या खुराड्याशेजारी खेळणाऱ्या मुलाला. आपल्या भागात मात्र नेमके उलटे घडते. साथीची वार्ता आली की माणसे दुकानातली निरोगी कोंबडी घेणे सोडतात, आणि घरची कोंबडी मान टाकून बसली की ‘मरून फुकट जाण्यापेक्षा’ म्हणून ती घाईघाईने कापतात. दारिद्र्यातून आलेल्या या सवयीला दोष देण्याचा मला अधिकार नाही. परंतु सगळ्या मांसव्यवहारात मला सर्वांत चिंताजनक वाटणारी गोष्ट हीच आहे.

रोगाचा मार्ग कोणता, हे विचारण्याची सवय झाईला अन्य एका प्रसंगाने लावली असेल. २०२२ च्या जुलैत येथील आश्रमशाळेत झिका विषाणूची लागण आढळली तेव्हा आरोग्य खात्याचे लोक पाण्याची पिंपे आणि डासांच्या अळ्या तपासत फिरले, कारण तो रोग मुख्यतः एडिस जातीच्या डासामार्फत पसरतो. एक रोग डासावाटे येतो, एक श्वासावाटे, एक न धुतलेल्या हातावाटे. आणि ज्याचा मार्ग निराळा त्याचा उपायही निराळा असतो.

मांसाविषयीच्या सर्व प्रवादांत चिवट प्रवाद म्हणजे ब्रॉयलरला ‘इंजेक्शन देऊन फुगवतात’ हा. जिथे अंगणातला कोंबडा किलो-दीड किलोचा व्हायला पाच-सहा महिने घेतो, तिथे ही पांढरी कोंबडी चाळीस दिवसांत दोन किलोची होते, हे पाहून मनुष्याला संशय येणे साहजिक आहे. त्यातून मुली लवकर वयात येतात इथपर्यंतची अनुमाने काढली जातात. परंतु थोडा हिशेब करून पाहावा. वाढीचे संप्रेरक हे प्रथिन असल्यामुळे ते खाद्यातून दिले तर पोटातच पचून नाहीसे होते. टोचायचे म्हटले तर पाच हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये प्रत्येक पक्षी पुन्हा पुन्हा पकडून टोचावा लागेल, आणि त्या मजुरीत व औषधाच्या किमतीत कोंबडीचा सारा भाव बुडून जाईल. या वाढीचे खरे कारण वंशनिवड हे आहे. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५७ सालच्या वंशाची जपून ठेवलेली कोंबडी आणि २००५ सालच्या व्यापारी वंशाची कोंबडी एकाच छपराखाली, एकाच खाद्यावर वाढवली. ५६ दिवसांनी पहिलीचे वजन ९०५ ग्रॅम आणि दुसरीचे ४,२०२ ग्रॅम भरले. हा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. खाद्य तेच, औषध तेच, फरक फक्त रक्ताचा. एका पिढीतून सर्वांत वेगाने वाढणारे पक्षी निवडायचे, त्यांच्या संततीतून पुन्हा तसेच निवडायचे, असा क्रम अर्धशतक चालू राहिला. भारतात त्या वंशांचा प्रसार होण्यात १९७१ साली बी. व्ही. राव यांनी स्थापन केलेल्या व्यंकटेश्वर हॅचरीज या पुण्याच्या उद्योगसमूहाचा वाटा मोठा आहे. लोकांनी इंजेक्शनाची सुई पाहिलेली असते हे मात्र खोटे नाही. ती लसीची असते. एक दिवसाच्या पिल्लाला मरेक या रोगाची लस उबवणी केंद्रातच टोचतात, आणि राणीखेत व गंबोरो या रोगांच्या लसी पुढे डोळ्यातील थेंबाने किंवा पिण्याच्या पाण्यातून देतात.

इंजेक्शनाच्या प्रवादामागे मात्र एक खरी बाब झाकली गेली आहे, आणि ती प्रतिजैविकांची आहे. दाटीत वाढणाऱ्या पक्ष्यांत रोग पसरू नये म्हणून, आणि अल्प मात्रेत ही औषधे दिल्याने वजन थोडे अधिक भरते म्हणून, खाद्यातून व पाण्यातून प्रतिजैविके देण्याची रीत कुक्कुटपालनात जगभर रुजली. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०१४ साली राजधानीच्या परिसरातील कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले, त्यांपैकी ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मिळाले. कोलिस्टिन हे औषध, जे माणसाच्या गंभीर संसर्गात इतर उपाय हरल्यावर डॉक्टर अखेरचे म्हणून वापरतात, तेही खाद्यात मिसळले जात असे. केंद्र सरकारने २०१९ च्या जुलैत पशूंसाठी त्याच्या उत्पादनास, विक्रीस व वाटपास मनाई केली. यातील अपाय असा की, या औषधांना सरावलेले जंतू शेडमध्ये निपजतात आणि पाणी, खत, हात व मांस यांच्यामार्फत माणसांपर्यंत येतात. पालघरच्या एखाद्या आदिवासी पाड्यावरचे मूल न्यूमोनियाने किंवा रक्तातील जंतुसंसर्गाने आजारी पडते आणि नेहमीचे औषध त्याला लागू पडत नाही, तेव्हा त्याच्या कारणांची साखळी कोठून कोठे गेली आहे हे घरच्यांना कधीच कळत नाही. संप्रेरकांची गोष्ट बायाबापड्यांच्या तोंडी आहे आणि प्रतिजैविकांची गोष्ट अहवालांत पडून आहे, याचा मला मनापासून खेद वाटतो. कारण दुकानदाराला आणि शेडवाल्याला गिऱ्हाइकाने विचारायचा प्रश्न दुसराच आहे : औषध बंद केल्यानंतर विक्रीपूर्वी किती दिवस जाऊ दिले?

‘चिकन सेंटर’च्या फळीपाशी उभे राहणाऱ्या गिऱ्हाइकाला निदान एक गोष्ट पाकिटवाल्या गिऱ्हाइकापेक्षा अधिक मिळते, ती म्हणजे जिवंत पक्ष्याचे दर्शन. दुकानदार पिंजऱ्यातून पक्षी काढतो, पाय बांधून काट्यावर टाकतो, मान कापून पिंपात उलटा सोडतो, आणि मग कातडीसकट पिसे ओढून काढून ओंडक्यावर सत्तुराने तुकडे करतो. दोन किलोचा पक्षी असा सोलून साफ केल्यावर साधारण सव्वा ते दीड किलो भरतो. ‘जिवंत वजनाचा भाव’ आणि ‘साफ केलेल्याचा भाव’ यांतला फरक न समजल्यामुळे दुकानदाराने काटा मारला असा आळ पुष्कळदा उगाच येतो. पिंजऱ्यात पाहावे ते एवढेच की, पक्षी उभा आहे काय, डोळे उघडे आहेत काय, चोचीतून किंवा नाकातून पाणी गळत नाही ना. ओंडक्याकडेही पाहावे, कारण त्याच्या खाचांत कालचे रक्त सुकलेले असेल तर पक्षी कितीही निरोगी असला तरी मांस त्या खाचांतून जाणारच आहे.

वापी, बोईसर किंवा मुंबईच्या बाजूला मोठ्या दुकानांतून जे थंड पाकिटातले मांस मिळते, त्याविषयीचे आक्षेप निराळे आहेत. पाकिटाच्या तळाशी साचलेले तांबडे पाणी पाहून ‘रक्त नीट काढलेले नाही’ असे लोक म्हणतात. वस्तुतः प्राणी कापल्यावर रक्त जवळजवळ सर्व वाहून जाते. हे पाणी स्नायूंतले असते आणि त्याला रंग देणारे द्रव्य म्हणजे मायोग्लोबिन, जे स्नायूंत प्राणवायूचा साठा करते. जो स्नायू अधिक राबतो त्यात ते अधिक असते, म्हणून कोंबडीची तंगडी तांबूस आणि छाती पांढरी दिसते, आणि म्हणूनच बोकडाचे मांस कोंबडीपेक्षा लाल असते. मांस कापताक्षणी ते जांभळट दिसते, हवा लागली की अर्ध्या तासात भडक लाल होते, आणि एक-दोन दिवसांत तपकिरीकडे झुकते. हवा काढून बंद केलेल्या पाकिटातले मांस जांभळट दिसते ते शिळे म्हणून नव्हे, प्राणवायू नाही म्हणून. पाकीट फोडून ठेवले की त्याचा रंग उजळतो. उलट, रंग लालबुंद आहे एवढ्यावरून ते ताजे ठरत नाही. नासलेल्या मांसाची खरी साक्ष बोट आणि नाक देतात : चिकट बुळबुळीतपणा आणि आंबूस दर्प. याखेरीज पाकीट हातात घेताच ते थंडगार लागते काय, आणि त्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या परवान्याचा चौदा आकडी क्रमांक व मुदतीची तारीख आहे काय, एवढे पाहणे पुरे. वीज वारंवार जाणाऱ्या तालुक्यांत मुदतीच्या तारखेवर सर्वस्वी विसंबणे मला शहाणपणाचे वाटत नाही; ती तारीख अखंड थंडाव्याच्या गृहीतावर छापलेली असते.

घरी आणलेली कोंबडी नळाखाली खळखळून धुण्याचा रिवाज सार्वत्रिक आहे आणि त्यामागची शुचितेची भावना आदरणीय आहे. तरीही तो मोडावा असेच म्हणावे लागते. कच्च्या कोंबडीवर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू असू शकतात. धारेखाली ते मरत नाहीत, शिंतोड्यांबरोबर मोरीच्या कडेला ठेवलेल्या ताटांवर, चिरलेल्या कांद्यावर आणि कोथिंबिरीवर मात्र जाऊन बसतात. ते मरतात ते चुलीवर. दुकानाच्या फळीवरची पिसे किंवा हाडाचा कीस लागलेला असलाच, तर पातेल्यात थोडे पाणी घेऊन हळुवार काढावा, ते पाणी जपून ओतावे आणि हात साबणाने धुवावेत.

मटणाच्या बाबतीत संशयाची जात वेगळी. तेथे भीती रोगाची नसून फसवणुकीची असते : बोकड म्हणून मेंढी दिली, बोकड म्हणून म्हातारी शेळी दिली, किंवा आणखी भलतेच काही दिले. खाटीक टांगलेल्या धडाला शेपूट आणि वृषण मुद्दाम शिल्लक ठेवतो, आणि जाणते गिऱ्हाईक प्रथम तिकडे नजर टाकून मगच चाप, सीना, खांदा की मांडी हे सांगते, नळी आणि कलेजीचा तुकडा वरून मागते. हा दस्तुर म्हणजे लेखी दाखल्याच्या अभावी निर्माण झालेला एक प्रत्यक्ष दाखलाच आहे. मुंबईत १९७१ पासून चालू असलेल्या देवनारच्या पशुवधगृहात पशुवैद्य कापण्यापूर्वी जनावर व कापल्यानंतर धड तपासून त्यावर शिक्का मारतात; खेड्यापाड्यांतल्या आठवडेबाजारात असा शिक्का दुर्मिळ. शेपटीवाचून आलेल्या खिम्याची जात ओळखण्याचे शास्त्र आता सिद्ध आहे. हैदराबादजवळ चेंगिचेर्ला येथील राष्ट्रीय मांस संशोधन संस्थेत मांसाच्या कणातील डीएनए तपासून ते शेळीचे, मेंढीचे, म्हशीचे की अन्य कोणाचे हे सांगता येते. आणि फसवणुकीचा प्रत्येक प्रवाद खोटाच असतो असेही नव्हे : २०१३ च्या जानेवारीत आयर्लंडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने गोमांसाच्या २७ बर्गरांची तपासणी केली तेव्हा १० बर्गरांत घोड्याचे अंश मिळाले, आणि मोठमोठ्या नामांकित दुकानांना आपला माल मागे घ्यावा लागला. तेथे संशयाचा निकाल कुजबुजीने लागला नाही, प्रयोगशाळेने लावला, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

‘मांस गरम तेवढे ताजे’ या समजुतीलाही थोडी मर्यादा आहे. जनावर कापल्यानंतर काही तासांत त्याचे स्नायू आखडतात आणि त्या अवस्थेत शिजवलेले मटण वातड होते. आखडलेपण सुटण्यास कोंबडीला थोडे तास आणि बोकडाला थंड जागेत सुमारे एक दिवस लागतो. म्हणून एकतर कापल्याबरोबर चुलीवर चढवावे, नाहीतर झाकून थंड जागी विसावू द्यावे. सकाळी कापलेले मांस दुपारपर्यंत उघड्यावर, माश्यांत, वैशाखाच्या उन्हात टांगून ठेवायचे आणि त्याला ताजे म्हणायचे, हा प्रकार दोहोंतही बसत नाही. त्या उष्णतेत जंतू वीस-वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात.

झाईसारख्या बंदरात मासळीविषयी लिहिल्याशिवाय हा विषय पुढे सरकणार नाही. २०१८ च्या जुलैत गोव्यातील मडगावच्या घाऊक बाजारात आलेल्या परराज्यांतील मासळीत फॉर्मलिन असल्याचा गवगवा झाला, तेथील सरकारने काही दिवस बाहेरच्या मासळीस बंदी केली, आणि ती धास्ती कोकणकिनाऱ्यावरही पसरली. फॉर्मलिन म्हणजे फॉर्माल्डिहाइडचे पाण्यातले द्रावण. शवे टिकवण्यासाठी ते वापरतात आणि खाद्यपदार्थात घालणे हा गुन्हा आहे. परंतु येथे एक विलक्षण गोष्ट लक्षात घ्यावी लागते. काही समुद्री माशांच्या शरीरात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचे द्रव्य असते, आणि मासा मेल्यावर त्याच्याच शरीरातील एक विकर या द्रव्याचे विघटन करून त्यातून फॉर्माल्डिहाइड उत्पन्न करते. ज्या माशांत हे सर्वांत मोठ्या प्रमाणावर घडते त्यांत आपला बोंबील अग्रगण्य आहे. त्यामुळे झाईच्या होडीतून उतरलेल्या, कोणीही कशातही न बुडवलेल्या बोंबलावर तपासणीच्या पट्टीचा रंग पालटला, तरी तेवढ्यावरून कोळिणीला गुन्हेगार ठरवता येत नाही. माशाची जात, पकडल्यापासूनचे तास आणि प्रमाण या तिन्हींचा विचार करावा लागतो. आपल्या बोंबलाची बाजू मांडणारा जाणकार बाजारात नसेल, तर एखाद्या दिवशी एका पट्टीच्या रंगावरून पाट्याच्या पाट्या मातीत जातील, ही भीती मला काल्पनिक वाटत नाही. ग्राहकाने पाहायचे ते जुनेच : कल्ले लाल व ओलसर, डोळा फुगीर व स्वच्छ, बोटाने दाबलेली जागा पुन्हा वर येणारी, आणि बोंबील असेल तर त्याचा पारदर्शक गुलाबीपणा.

‘गावठी’ या नावाखालीही बाजारात पुष्कळ काही खपते. अंडी देण्याचे वय संपलेल्या पिंजऱ्यातील कोंबड्या, गिरिराज व वनराज या संशोधन केंद्रांनी तयार केलेल्या रंगीत जाती, आणि अस्सल अंगणातली कोंबडी या तिघी फळीवर सारख्याच दिसतात आणि तिघींना एकच चढा भाव मागितला जातो. मध्य प्रदेशातील झाबुआचा कडकनाथ, ज्याला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे मांस एका रंगद्रव्याच्या आनुवंशिक आधिक्याने काळे असते. त्या काळेपणावरून त्याला मधुमेहापासून हृदयविकारापर्यंत सर्व रोगांवरचे औषध ठरवण्यात आले, आणि त्या कीर्तीच्या भरात २०१९ च्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात कडकनाथ पालनाच्या योजनांत शेकडो शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. मांस चवदार आहे, महाग आहे, औषध नाही.

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर जी खरी गावठी कोंबडी आहे, तिचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे राणीखेत रोग, ज्याला खेड्यात मानमोडी म्हणतात. या साथीत पाड्यावरची सारी खुराडी आठवड्याभरात रिकामी होऊ शकतात, आणि वर सांगितलेली ती धोक्याची घाई, म्हणजे मान टाकलेला पक्षी मरण्याआधी कापण्याची घाई, नेमकी याच वेळी होते. हा रोग माणसाला फारसा बाधत नाही. परंतु बाहेरून पाहता त्यात आणि बर्ड फ्लूत भेद करणे गावकऱ्यालाच काय, पशुवैद्यालाही प्रयोगशाळेच्या मदतीशिवाय कठीण जाते. मानमोडीची लस आहे, ती स्वस्त आहे, ठरावीक अंतराने पुन्हा द्यावी लागते, आणि पशुवैद्यकीय दवाखान्याकडे तिची मागणी करता येते. अडचण एवढीच येते की लसीची एक बाटली उघडली की ती शे-दोनशे पक्ष्यांना पुरते आणि काही तासांत वाया जाते, तर एका घरी पक्षी असतात आठ किंवा दहा. यासाठी पाड्यातल्या सर्व घरांनी एकच दिवस ठरवावा, आदल्या रात्री पक्षी खुराड्यांत कोंडून ठेवावेत, आणि पहाटे, ते बाहेर सुटण्यापूर्वी, बर्फाच्या डब्यातून आणलेली लस घरोघर थेंबाथेंबाने द्यावी. एकाच वेळी अनेक पक्षी मेले तर त्यांना हात न लावता दवाखान्यात वर्दी द्यावी, आणि मेलेले पक्षी ओढ्यात किंवा खाडीत न टाकता चुना घालून खोल पुरावेत.